मोजा

आमच्या पट्टीवर टॉवर नाही.
सांवेर रस्त्यापलीकडे, सोयाबीन निघून गेलेल्या दोन रिकाम्या शेतांमधे
डांबराची एक पट्टी, पत्र्याचं एक हँगर,
आणि खांबावर नारंगी-पांढरा कापडी मोजा.
शिकाऊ पोरं त्याला मोजाच म्हणतात. मीही.
बत्तीस वर्षं झाली इथे विमानांची नाकं पुसतोय,
हा मोजा कुणाच्या पायाचा, ते काही कळलं नाही.

चैत्र संपत आला की माळव्यात दुपारचा वारा
काहीतरी विसरल्यासारखा परत परत येतो.
आधी दारं वाजतात, मग धूळ दिसते.
त्या दिवशी साडेतीनला
निशिगंधा कोरान्ने वर होती, एकटीच,
एकटीचं सातवं उड्डाण.
मी दारात, हातात पाना.

पहिल्यांदा टेकली ती नीट.
मग उजव्या पंखाखाली कुणीतरी हात घातला,
झोपलेल्या मुलाच्या मानेखाली घालतात तसा, हलकेच,
उचललं
आणि सोडून दिलं.
पुढच्या चाकावर आपटली. एक.
दोन.
तिसरा मोजायला मी दारात नव्हतो, पळत होतो.

आवाज फार झाला नाही.
डब्यात चमचा पडावा, तेवढा.
मग वाळलं गवत, मग धूळ, मग शेपूट वर,
आणि थांबलेला पंखा, दोन्ही टोकं मागे वळलेली
जास्वंदीच्या पाकळ्यांसारखी.

मी पोचेपर्यंत तिने सगळं बंद केलं होतं.
मिक्श्चर, मॅग्नेटो, पेट्रोलची कळ, मास्टर.
किल्ली मुठीत,
घराला कुलूप लावून गावाला निघालेल्या बाईसारखी.
"लागलं का गं?"
"मला नाही काका. त्याला लागलं."

साहेब आले. फोटो झाले.
तिचे वडील आले, सराफ्यात त्यांचं वजनकाट्यांचं दुकान.
विमानाभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले,
"भिया, किती?"
मी आकडा सांगितला.
त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला.

फॉर्मवर लिहिलं गेलं:
आडवा, झोतांचा वारा. वैमानिकाचा अनुभव कमी.
खाली 'इतर कारणे'. ती ओळ मी भरायची होती.
रिकामी ठेवली.

कारण दहा दिवस झाले, मोज्याची कडी आखडली होती.
बेअरिंगमधे काळी माती. वारा वळायचा,
आणि मोजा मागाहून,
जेवून आलेल्या कारकुनासारखा.
ग्रीसचा डबा माझ्याच बाकाखाली.
रेडिओवर भालेराव वारा सांगत होता, खरं आहे.
पण शेवटच्या पन्नास फुटांत
माणूस कानाने उतरत नाही.

रात्री नवाला, बॅटरी दातांत धरून, शिडी चढलो.
अठ्ठावन्न वर्षांचा माणूस खांबाला मिठी मारून.
कडी पुसली. ग्रीस भरलं. एका बोटाने ढकललं.
मोजा गर्रकन फिरून माझ्या तोंडावर बसला.
आत जुन्या घरट्याचा वास होता.

तीन आठवड्यांनी ती आली.
इंजिन बाकावर उघडं पडलेलं.
तिला तो वाकलेला पंखा हवा होता,
भंगारात जाण्यापेक्षा बरं, म्हटलं, घेऊन जा.
आणि देता देता सांगून टाकलं.
कडीचं. डब्याचं. दहा दिवसांचं.

ती पात्याच्या वळणावर अंगठा फिरवत राहिली.
"मी मोज्याकडे बघितलंच नव्हतं काका.
गवत बघत होते.
सगळं एका बाजूला झोपलं होतं,
आणि मला वाटलं, किती छान."

यावर काय बोलणार.
दोघांनी मिळून पंखा स्कूटरच्या मागे उभा बांधला,
तिच्या डोक्याच्या वर चार वीत,
शिडाच्या काठीसारखा.
फाटकाशी झोत आला. स्कूटर डगमगली.
तिने एक पाय टेकला, थांबली,
मान वळवून खांबाकडे बघितलं.
मग गेली.